संत एकनाथ : एका पैच्या चुकीपासून ज्ञानेश्वरीच्या संहिताशुद्धीपर्यंत

भाद्रपद वद्य षष्ठी हा दिवस महाराष्ट्रात ज्ञानेश्वरी जयंती म्हणून पाळला जातो. ज्ञानेश्वरी शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये नेवासे येथे सिद्ध झाली, एवढे त्या ग्रंथाच्या शेवटी नमूद आहे, महिना आणि तिथी तेथे दिलेली नाही. आपण जी तिथी पाळतो ती ग्रंथाच्या रचनेची नव्हे, तर ग्रंथाच्या शुद्धीची आहे. रचनेनंतर २९४ वर्षांनी, शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून ज्या दिवशी लेखणी खाली ठेवली, तो हा दिवस होय. एखाद्या ग्रंथाची जयंती त्याच्या संशोधित प्रतीच्या तिथीस साजरी व्हावी, ही घटना मराठी वाङ्मयेतिहासात तरी एकमेव असावी. परंपरेने त्या कार्याला किती मोल दिले, हे यावरून सहज लक्षात येते.

एकनाथांचे चरित्र संत म्हणून, समाजसुधारक म्हणून, भागवतकार आणि भारूडकार म्हणून अनेकदा सांगितले गेले आहे. प्रस्तुत लेखात ते एका मर्यादित दृष्टीने पाहावयाचे आहे. जुन्या लेखात चूक आढळली असता नक्कल करणाराने काय करावे, हा प्रश्न एकनाथांपुढे कसा आला, त्यांनी तो कसा सोडविला आणि त्यांच्या उत्तरातून आपल्यावर कोणती जबाबदारी येते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१

एकनाथांचा जन्म पैठण येथे झाला. जन्मशक सामान्यतः १४५५ (इ.स. १५३३) मानला जातो, काही अभ्यासक तो थोडा मागे, इ.स. १५२८ पर्यंत, तर काही पुढे, इ.स. १५४८ पर्यंत नेतात. विजयनगराहून विठ्ठलाची मूर्ती पंढरपुरास परत आणल्याचे श्रेय परंपरा ज्या भानुदासांना देते, ते त्यांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी यांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे आजोबा चक्रपाणी यांनी त्यांचा सांभाळ केला. मुंज, संध्या, पुराणश्रवण हे सर्व पैठणच्या विद्वत्परंपरेस साजेसे झाले. परंतु कोवळ्या वयातच गुरूचा ध्यास लागून ते घरी न सांगता निघाले आणि देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, जनार्दनस्वामींकडे जाऊन पोहोचले.

जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे देशपांडे. निजामशाहीच्या सेवेत असलेले आणि दौलताबादच्या किल्ल्याचा कारभार पाहणारे हे अधिकारी दत्तोपासक होते. किल्ल्याचा बंदोबस्त, महसूल, हिशेब आणि पत्रव्यवहार एका बाजूला, तर ध्यान आणि ज्ञानेश्वरी-भागवताचे चिंतन दुसऱ्या बाजूला, असे त्यांचे जीवन होते. आज छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात असलेला हा किल्ला एकनाथांच्या चरित्रात केवळ गुरुस्थान म्हणून येतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र त्याकडे आणखी एका अंगाने पाहावे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्या यादवराजा रामचंद्राचा उल्लेख आहे, त्याची राजधानी हीच. ग्रंथ सिद्ध झाल्यावर अवघ्या सहा वर्षांनी, इ.स. १२९६ मध्ये, अलाउद्दीन खलजीची स्वारी देवगिरीवर आली. इ.स. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने येथे राजधानी आणून देवगिरीचे दौलताबाद केले. पुढे बहमनी आणि इ.स. १४९९ पासून निजामशाही, अशी सत्तांतरे होत गेली. एकनाथ येथे आले तेव्हा कचेरीची भाषा फारसीने व्यापलेली होती आणि ज्ञानदेवांच्या काळची मराठी याच भूमीत परकी होत चालली होती. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत अशुद्धी का शिरली, याचे एक मोठे कारण या स्थित्यंतरात आहे. ज्या शब्दाचा अर्थ लागत नाही, तो शब्द नक्कलकार जसाच्या तसा फार काळ राहू देत नाही.

२

दौलताबादच्या वास्तव्यात जनार्दनस्वामींनी या शिष्याकडे हिशेबाचे काम सोपविले. या काळातील एक प्रसंग सर्वश्रुत आहे. जमाखर्चाचा मेळ घेताना एका पैची चूक येऊ लागली. एकनाथांनी रात्री दिवा लावून सर्व कीर्द पुन्हा तपासावयास घेतली. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली आणि आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजविली. जनार्दनस्वामी जागे होऊन पाहतात तो शिष्य एकटाच हर्षभरित झालेला. कारण कळल्यावर त्यांनी त्याला समजावले, की एका पैची चूक सापडून जर एवढा आनंद होतो, तर संसाराची थोर चूक उमगली असता केवढा होईल. हीच एकाग्रता परमार्थाकडे लावावी. चरित्रकार या ठिकाणी साहजिकच परमार्थाकडे वळतात.

परंतु हा प्रसंग हिशेबनिसाच्या दृष्टीनेही वाचण्याजोगा आहे. एक पै कमी पडत असेल तर ती स्वतःच्या पदरची घालून मेळ बसविणे कोणालाही सुचले असते. तसे केल्याने बेरीज जुळली असती, चूक मात्र तशीच राहिली असती. एकनाथांनी बेरीज जुळविली नाही. चूक कोठे आणि कशी झाली, तेथपर्यंत ते मागे गेले. लेख सुसंगत दिसावा म्हणून तो दुरुस्त करणे आणि लेखातील चुकीचे मूळ शोधणे, या दोन क्रिया बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांच्यात मोठे अंतर आहे. संहिताशुद्धीचे सर्व शास्त्र या अंतरावर उभे आहे.

या प्रसंगाच्या ऐतिहासिक प्रामाण्याविषयी अर्थातच सावध असावयास हवे. केशवस्वामी आणि महिपती ही एकनाथचरित्राची प्रमुख साधने अठराव्या शतकातील आहेत; महिपतींचा ‘भक्तविजय’ इ.स. १७६२ चा, तर ‘भक्तलीलामृत’ इ.स. १७७४ चा. म्हणजे एकनाथांच्या निधनानंतर दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावर ही चरित्रे लिहिली गेली. प्रसंग जसाच्या तसा घडला असे ठामपणे म्हणता येत नाही. पण एकनाथांच्या कचेरीतील उमेदवारीला त्यांच्या वाङ्मयातच भक्कम पुरावा आहे. त्यांच्या रूपकात्मक रचनांत अर्जदस्त, अभयपत्र, ताकीदपत्र, जाबचिठ्ठी हे सरकारी कागदांचे प्रकार त्यांच्या मायन्यासह आणि फारसी शब्दकळेसह येतात. कागद कसा लिहितात, त्याची नक्कल कशी करतात आणि एका अक्षराच्या फरकाने काय होते, हे ठाऊक असलेल्या मनुष्याचे हे लेखन आहे.

३

गुरूच्या आज्ञेने दौलताबादजवळच्या शूलिभंजन पर्वतावर तप, त्यानंतर गुरूंसमवेत तीर्थयात्रा, यात्रेत ‘चतुःश्लोकी भागवता’ची रचना आणि अखेर पैठणास परत येऊन गिरिजाबाईंशी विवाह, असा पुढचा क्रम आहे. गृहस्थाश्रमात राहून त्यांनी जे वाङ्मय निर्माण केले त्याचा विस्तार थक्क करणारा आहे. ‘रुक्मिणीस्वयंवर’ शके १४९३ (इ.स. १५७१) मध्ये आणि भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका शके १४९५ (इ.स. १५७३) मध्ये वाराणसीस पूर्ण झाली. पहिले पाच अध्याय पैठणास आणि उरलेले काशीस, असा या भागवताचा प्रवास आहे. मराठीत शास्त्रार्थ सांगण्यास काशीच्या पंडितांनी विरोध केल्याच्या कथा प्रसिद्ध आहेत. घरातही पुत्र हरिपंडित यांचा संस्कृताभिमान आड येत असे. शके १४९७ (इ.स. १५७५) मध्ये जनार्दनस्वामींचे निर्वाण झाले, त्यांची समाधी दौलताबादच्या किल्ल्यावरच आहे.

ज्ञानेश्वरीकडे ते वळले ते यानंतर. परंपरा सांगते, की ज्ञानदेवांनी स्वप्नात येऊन आळंदीच्या समाधिस्थानी अजानवृक्षाची मुळी कंठास लागल्याचे सांगितले, एकनाथ शके १५०५ (इ.स. १५८३) मध्ये आळंदीस गेले, त्यांनी लोपलेले समाधिस्थान शोधले आणि ती मुळी दूर केली. या दृष्टान्ताचा वृत्तान्त एकनाथांच्या नावावरील एका अभंगात आहे. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ग्रंथशुद्धी पूर्ण केली. कंठाला वेढणारी मुळी आणि वाणीला वेढणारी अशुद्धी यांतील साम्य पुष्कळांनी दाखविले आहे. त्यावर अधिक भाष्य करण्याचे कारण नाही.

या अशुद्धीचे स्वरूप मात्र पाहावयास हवे. जुन्या पोथ्यांत शब्द सुटे लिहीत नसत. सलग ओळीत शब्द कोठे तोडावयाचा हे वाचणाराने ठरवावयाचे. च आणि व, ध आणि घ, म आणि भ ही अक्षरे जुन्या वळणात परस्परांच्या इतकी जवळ येतात, की झिजलेल्या पानावर त्यांचा निवाडा अर्थावरूनच करावा लागतो. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असते. त्यामुळे लिहिणाराची नजर एका यमकावरून पुढच्या यमकावर उडी घेते आणि मधला चरण गळतो. समासात कोणी लिहिलेली टीप पुढचा नक्कलकार मूळ ओवी समजून ओळीत घेतो. जुने रूप अपरिचित वाटले की त्याच्या जागी स्वतःच्या काळाचे रूप येते. आणि अखेरीस, भक्तीच्या भरात कोणी स्वतःच्या ओव्या रचून मध्ये बसवितो. पहिल्या प्रकारच्या चुका अनवधानाच्या आहेत. शेवटच्या दोन मात्र जाणूनबुजून आणि बहुधा सद्हेतूने झालेल्या आहेत. ग्रंथाला अधिक धोका या दुसऱ्या प्रकाराचा असतो, कारण हातचूक डोळ्यांना खटकते, सद्हेतूची दुरुस्ती खटकत नाही.

एकनाथांनी आपल्या शुद्ध प्रतीच्या शेवटी थोड्या ओव्या जोडल्या आहेत. त्यांचा आशय असा : शके १५०६, तारण संवत्सर, या काळी आपण अत्यंत आदराने ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, परंतु पाठांतरांमुळे शुद्धात अबद्ध मिसळले होते, ते शोधले, गोदावरीच्या तीरी भाद्रपदातील कपिलाषष्ठीच्या पर्वकाळी लेखन संपले, आणि यापुढे जो कोणी यात स्वतःची मराठी ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नारळाची रिकामी करवंटी ठेवल्यासारखे होईल.

या समाप्तिलेखातून चार गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ग्रंथकार चुकला असे गृहीत धरावयाचे नाही. दोष मूळ लेखकाचा नसून परंपरेचा असू शकतो, हे आधी तपासावयाचे. दुसरी, पाठांतरांचा उल्लेख आहे, त्या अर्थी त्यांच्यासमोर एकाहून अधिक प्रती असाव्यात आणि त्यांची तुलना त्यांनी केली असावी. तिसरी, जी शुद्धी केली तिची जबाबदारी स्वतःच्या नावाने, काळासह आणि स्थळासह स्वीकारली आहे. त्यातही शकाच्या अंकाबरोबर संवत्सराचे नाव दिल्याने एक अंतर्गत साक्ष निर्माण होते : शके १५०६ या वर्षी साठ संवत्सरांच्या चक्रात तारण हेच नाव येते. पुढच्या एखाद्या नक्कलकाराने अंकात चूक केली असती तरी संवत्सराच्या नावाने ती उघडी पडली असती. चौथी गोष्ट, शुद्धी आणि भर यांतील सीमा त्यांनी स्पष्ट आखली. स्वतः समर्थ ओवीकार असलेल्या कवीने दुसऱ्याच्या ग्रंथात स्वतःची ओवी न घालण्याचा दंडक घालून द्यावा, हा संयम साधा नव्हे. सामान्य लेखनिक पोथीच्या शेवटी जसे दिसले तसे लिहिले, दोष मला देऊ नये, अशी प्रार्थना करून मोकळा होत असे. एकनाथांनी दोष अंगावर घेण्याची तयारी दाखविली.

४

असे असले तरी एक प्रश्न टाळता येत नाही. एकनाथांनी कोणत्या प्रती पाहिल्या, कोणता पाठ टाकला आणि कोणता स्वीकारला, याची नोंद मागे उरलेली नाही. त्यांची प्रत लोकमान्य झाली, वारकरी परंपरेत तीच स्थिरावली आणि त्यापूर्वीच्या पोथ्या दुर्मीळ होत गेल्या. ज्या शुद्धीने ज्ञानेश्वरी वाचली, तिच्यामुळेच शुद्धीपूर्वीची ज्ञानेश्वरी दिसेनाशी झाली. इ.स. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी बीड येथे मिळालेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, ती हा पडदा दूर करण्याच्या ईर्षेनेच. आपली पोथी एकनाथपूर्व असून तिच्यातील भाषा ज्ञानदेवांच्या काळाला अधिक जवळची आहे, असा त्यांचा दावा होता. इ.स. १९६० मध्ये शासनाने प्रसिद्ध केलेली आवृत्तीही मुख्यत्वे राजवाडे-संहितेवर आधारलेली आहे. परंतु दैवदुर्विलास असा, की राजवाड्यांची ती मूळ पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. तिच्यातील प्रत्येक विलक्षण रूप पोथीचे की संपादकाच्या मताचे, हा वाद त्यामुळे कायमचा अनिर्णीत झाला. आधुनिक इतिहासाचार्यही अखेर त्याच ठिकाणी येऊन थांबले, जेथे सोळाव्या शतकातील संत थांबले होते : दुरुस्ती उरली, पुरावा उरला नाही.

म्हणून एकनाथांना आजच्या पाठचिकित्सेच्या मापाने दोष देणे न्यायाचे होणार नाही. पाठभेद तळटीपेत देण्याची पद्धती छापखान्याबरोबर आली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात इ.स. १९१९ मध्ये सुरू होऊन इ.स. १९६६ मध्ये पूर्ण झाली, वि. स. सुखटणकरांनी तिची तत्त्वे सिद्ध केली आणि मराठीत अ. का. प्रियोळकरांनी ती पद्धती रुजविली. प्रियोळकरांनी ज्या ‘आदिपर्वा’ची पाठचिकित्सक आवृत्ती केली, त्याचे कवी मुक्तेश्वर हे एकनाथांच्या कन्येचे पुत्र होत, हाही एक अर्थपूर्ण योगायोग आहे.

एकनाथांच्या स्वतःच्या ग्रंथाच्या वाट्याला काय आले, हेही येथे पाहण्यासारखे आहे. ‘भावार्थरामायण’ युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आले आणि अपुरे राहिले. पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला. दुसऱ्याच्या ग्रंथात भर घालू नये असे सांगणाऱ्याच्या ग्रंथात एवढी मोठी भर पडली. पण ती कोठून सुरू होते हे परंपरेने लपविले नाही. सांधा माहीत असल्यामुळे वाचकाची फसगत होत नाही. भर हा दोष नसून लपविलेली भर हा दोष आहे, असे यावरून म्हणता येईल.

फाल्गुन वद्य षष्ठीस एकनाथांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दनस्वामींच्या निर्वाणाची तिथीही हीच, आणि पैठणची नाथषष्ठीची यात्रा याच दिवशी भरते. निधनाचा शक १५२१ असा सांगतात आणि त्याचे इसवी रूपांतर बहुतेक ठिकाणी १५९९ असे आढळते. येथेही एक पैची चूक आहे. फाल्गुन महिना इसवी सनाच्या पुढील वर्षात पडतो. तेव्हा १५२१ हा गत शक मानला तर इ.स. १६०० येते आणि वर्तमान शक मानला तर इ.स. १५९९ येते. यांपैकी एक आकडा गुपचूप बदलून मेळ बसविता येईल. योग्य मार्ग तो नव्हे. साधनात १५२१ असेल तर नकलेत १५२१ च लिहावे आणि शंका बाजूला नोंदवावी.

५

प्रस्तुत लेखकाला हे शहाणपण उशिरा आले. संशोधनाच्या प्रारंभीच्या काळात एका खाजगी संग्रहातील पोथीची नक्कल करताना ‘जाला’ हे रूप जेथे जेथे आले तेथे तेथे मी सहजपणे ‘झाला’ असे लिहीत गेलो. अर्थ बदलत नव्हता, म्हणून नोंद करण्याची गरज वाटली नाही. पुढे त्याच पोथीचा काळ ठरविण्याची वेळ आली, तेव्हा नेमकी अशा रूपांचीच साक्ष हवी होती. पोथी तोवर हस्तांतरित होऊन नजरेआड झाली होती. माझ्या वहीत शुद्ध मराठी होती आणि ती वही त्या कामापुरती निरुपयोगी होती.

आज दप्तरांतील मोडी कागदांचे देवनागरी लिप्यंतर आणि पोथ्यांचे संगणकीय जतन मोठ्या प्रमाणावर होत आहे. अशा वेळी नक्कल करणाराने मूळ लेखातील चूक चुकीसकट उतरवावी, आपली दुरुस्ती चौकटी कंसात किंवा तळटीपेत वेगळी दाखवावी, जे वाचता आले नाही ते वाचता आले नाही असेच नोंदवावे आणि अनुमानाला अनुमान म्हणावे, हे नियम पुन्हा सांगावयास हवेत. जुन्या लेखनिकांना त्याची जाण नव्हती असे नाही. पोथीत अक्षर चुकले तर ते खरवडून टाकण्याऐवजी त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत; अक्षर गळले तर काकपदाची खूण करून ते समासात लिहीत. हरताळ फासणे हा वाक्प्रचार आपण आज नाश करण्याच्या अर्थाने वापरतो. परंतु पोथीवरील हरताळ हा दुरुस्तीचा उघड कबुलीजबाब होता. त्या पिवळ्या डागाखाली काय होते हे पुष्कळदा आजही वाचता येते.

दौलताबादच्या कचेरीत एकनाथांनी जे शिकले ते त्यांनी पैठणला ज्ञानेश्वरीपुढे बसून उपयोगात आणले. त्यांनी चूक शोधली, स्वतःची भर घातली नाही आणि केलेल्या कामाखाली नाव, शक व तिथी लिहिली. टाकलेल्या पाठांची यादी तेवढी त्यांच्याकडून राहिली, किंवा ती आपल्यापर्यंत पोहोचली नाही. ती यादी ठेवण्याची साधने आपल्याजवळ आहेत. म्हणून ती न ठेवण्याची सबब आपल्याला उरलेली नाही.